विवाह समुपदेशनाची फी नक्की कशावर ठरते? मदत हवी आहे

गोदाकाठ:

नमस्कार मंडळी,

आम्ही नाशिकला राहतो. लग्नाला नऊ वर्षं झाली, एक मुलगी आहे, पहिलीत. नवरा अंबडला एका कारखान्यात शिफ्टमध्ये कामाला आहे, मी खासगी शाळेत शिकवते. सासरे गेले तेव्हापासून सासूबाई आमच्याकडे असतात. त्याच सुमारास गावच्या घराच्या दुरुस्तीसाठी नवऱ्याने मला न विचारता कर्ज काढलं. त्यानंतर पैशाचा विषय निघाला की भांडण ठरलेलं. हल्ली तर भांडायचंही सोडून दिलंय, आठवडाभर अबोला असतो. मुलीच्या ते लक्षात यायला लागलंय, याचा मला जास्त त्रास होतो.

मारहाण, व्यसन, बाहेरचं प्रकरण, यातलं काहीही नाही. वेगळं व्हायचं दोघांच्याही मनात नाही. समुपदेशकाकडे जाऊ या का असं मी विचारलं तर तो लगेच हो म्हणाला. हा होकार आहे तोवर मला हालचाल करायची आहे.

अडलंय ते फीपाशी. चार ठिकाणी विचारलं. गंगापूर रोडवरच्या एक बाई ४५ मिनिटांचे ८०० रुपये घेतात. पुण्याच्या एक जण ऑनलाइन ९० मिनिटांचे २००० सांगतात. एका ॲपवर सहा सत्रांचं ७२०० चं पॅकेज आहे, एक सत्र ४० मिनिटांचं, पैसे आधी भरायचे. एक मानसोपचारतज्ज्ञ पहिल्या वेळी १५०० आणि नंतर दर वेळी १००० घेतात, पण त्यांच्याकडे वेळ वीसेक मिनिटंच मिळतो म्हणे. दोघांचे पगार मिळून ६२ हजार, हप्ते आणि शाळेची फी गेली की महिन्याला या कामासाठी ३ हजारांच्या वर निघणं कठीण आहे.

एवढा फरक का असतो? साधारण किती वेळा जावं लागतं? मेडिक्लेममधून काही मिळतं का? आणि कमी पैशांत किंवा मोफत, पण नीट काम करणारं कुणी असतं का? कृपया अनुभव सांगा. घरी कुणालाच सांगितलेलं नाही, म्हणून इथे विचारते आहे.

---

मृण्मयी_क:

ताई, तुम्ही दोघं मिळून जायला तयार आहात, यातच अर्धं काम झालं असं समजा. आम्ही पुण्यात गेलो होतो, म्हणून लिहिते.

आधी दर मिनिटाचा हिशोब करून बघा. गंगापूर रोडच्या बाईंचा दर मिनिटाला साधारण १८ रुपये पडतो, पुण्याच्या ऑनलाइनचा २२, ॲपचा ३० आणि डॉक्टरांचा ५०. सत्राची नुसती फी ऐकली की पुण्याचं महाग वाटतं, पण सगळ्यात मोठा सलग वेळ तिथेच मिळतोय. दोघांचं ऐकायचं असतं, त्यात पहिली दहा मिनिटं जुळवून घेण्यात जातात. ४० मिनिटांत एकाचं बोलणं जेमतेम पूर्ण होतं आणि दुसरा घुसमटत घरी येतो. आमचं सुरुवातीला असंच व्हायचं आणि उरलेलं भांडण रिक्षात व्हायचं. वेळ वाढवून घेतल्यावर फरक पडला.

फी ठरवताना आणखी एक विचारा: दोघांना एकेकटं भेटण्याची सत्रं वेगळी लावतात का? बरेच जण पहिल्यांदा एकत्र, मग प्रत्येकाला एकदा स्वतंत्र आणि मग पुन्हा एकत्र भेटतात. ती दोन स्वतंत्र सत्रं फीमध्ये धरलेली नसतात, आणि महिन्याच्या शेवटी आकडा बघून धक्का बसतो.

---

सह्याद्रीवेडा:

मेडिक्लेमबद्दल. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात असं आहे की विमा कंपन्यांनी शारीरिक आजारांच्याच धर्तीवर मानसिक आजारांनाही संरक्षण द्यायचं. पण नवरा-बायकोतला बेबनाव हा आजार नाही, म्हणून जोडप्याच्या समुपदेशनाचं बिल सहसा मंजूर होत नाही. शिवाय आपल्याकडच्या बहुतेक पॉलिसी दवाखान्यात भरती झाल्यावरच खर्च देतात. दोघांपैकी एकाला नैराश्य वगैरे असेल आणि पॉलिसीत ओपीडी असेल, तर त्या व्यक्तीच्या उपचाराचा खर्च मागता येतो. पॉलिसीची पुस्तिका एकदा वाचून बघा.

त्यापेक्षा नवऱ्याच्या कंपनीच्या एचआरकडे चौकशी करायला सांगा. बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी कर्मचाऱ्यांसाठी बाहेरच्या संस्थेशी करार केलेला असतो, त्यात वर्षाला काही सत्रं मोफत मिळतात आणि अनेकदा जोडीदारालाही चालतात. कोण गेलं हे कंपनीला कळत नाही, तरी ते आधी स्पष्ट विचारून घ्यावं. कारखान्यांत ही सोय कमी दिसते, पण विचारायला काहीच लागत नाही.

---

निवृत्त_समुपदेशक:

मी बरीच वर्षं कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक होते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

फरक का, याचं पहिलं उत्तर म्हणजे समोरची व्यक्ती कोण आहे. मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर, ते औषध देऊ शकतात आणि त्यांची फी त्या हिशोबाने असते. तुमच्या प्रश्नाला औषध लागेल असं तुम्ही लिहिलेल्यावरून तरी वाटत नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, ती विचारून बघता येते. त्यानंतर समुपदेशन मानसशास्त्रात एमए केलेले आणि समाजकार्यात एमएसडब्ल्यू केलेले लोक. कौटुंबिक न्यायालयांत आमच्यातले बरेच जण एमएसडब्ल्यूच. पण ‘समुपदेशक’ अशी पाटी आठवड्याभराचा कोर्स केलेलेही लावतात. त्यामुळे शिक्षण कुठे झालं, जोडप्यांबरोबर काम करण्याचं वेगळं प्रशिक्षण घेतलंय का, हे तोंडावर विचारा. नीट माणूस रागावत नाही, सांगतो. एकट्या व्यक्तीबरोबर उत्तम काम करणाऱ्याला समोर दोन चिडलेली माणसं सांभाळता येतीलच असं नाही. हे वेगळं कौशल्य आहे आणि जास्त फी द्यायचीच तर त्यासाठी द्यावी.

दुसरं म्हणजे शहर आणि जागा. पुण्या-मुंबईत केबिनचं भाडंच एवढं असतं की फी वाढतेच. दिवसाला चार-पाच जोडप्यांपेक्षा जास्त जणांना भेटलं तर कामाचा कस जातो, त्यामुळे कमाईला मर्यादा आहे. संध्याकाळच्या आणि रविवारच्या वेळांना काही जण जास्त घेतात, आणि नोकरदारांना तेच सोयीचं असतं. तुमच्या घरी शिफ्ट आहे म्हणता, मग दुपारची वेळ मागा आणि त्या वेळेसाठी फी कमी होईल का तेही विचारा. संकोच करू नका. उत्पन्न बघून फी कमी करणारे खूप आहेत, फक्त ते पाटीवर लिहिलेलं नसतं.

तिसरं, किती वेळा? तुमच्यासारख्या प्रश्नात, म्हणजे फसवणूक नाही, हिंसा नाही आणि दोघांची इच्छा आहे, तिथे आठ ते बारा सत्रांत बरंच काम होतं. सुरुवातीची तीन-चार दर आठवड्याला किंवा दहा दिवसांनी करा, मग अंतर वाढवा. पैसे वाचवायला पहिल्यापासूनच महिन्यातून एकदा गेलात तर दर वेळी मधल्या महिन्याची भांडणं निस्तरण्यातच वेळ जातो, आणि एकूण खर्च उलट वाढतो. दर चार सत्रांनी ‘आपण कुठे आहोत’ हे समुपदेशकाने स्वतःहून सांगायला हवं. सांगत नसेल तर विचारा.

आता मोफत सोयी. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने आधी समेटाचा प्रयत्न करणं हे न्यायालयाचं कर्तव्यच ठरवलं आहे. महाराष्ट्रात पहिलं कौटुंबिक न्यायालय १९८९ मध्ये पुण्यात सुरू झालं. तिथल्या समुपदेशनाला फी नाही. पण त्यासाठी आधी अर्ज दाखल करावा लागतो, आणि एकदा कोर्टाची पायरी चढली की दोन्ही घरचे, वकील, तारखा हे सगळं मध्ये येतं. तुम्हाला संसार टिकवायचा आहे. फी वाचते एवढ्यासाठी तिकडे जाऊ नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दावा लावण्याआधीची मध्यस्थी मोफत होते, ती मात्र कर्ज, खर्च, राहण्याची व्यवस्था अशा ठोस वादांसाठी चांगली. पोलिसांचा भरोसा सेल आणि महिला व मुलांसाठीचे विशेष कक्ष हेही मोफत, पण ते मुख्यतः छळाच्या तक्रारींसाठी. तुमचा विषय तो नाही.

एकटीला मन मोकळं करायचं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. जोडप्याच्या नियमित समुपदेशनाची जागा तो घेणार नाही, पण ज्या रात्री असह्य होतं त्या रात्री जरूर फोन करा.

आणि हे वाचणाऱ्या इतर कुणाच्या घरात मारहाण होत असेल, तर जोडीने समुपदेशनाला जाण्याची घाई करू नये. तिथे बोललेल्याचा सूड घरी उगवला जातो. आधी १८१ या महिला हेल्पलाइनला फोन आणि सुरक्षित जागा.

---

जर्सीकर:

अमेरिकेतला अनुभव. आमच्याकडे एका सत्राचे १५० ते २५० डॉलर सांगत होते. विमा कंपनी पैसे देते ते दोघांपैकी एकाला मानसिक आजाराचं निदान असेल तरच, नुसत्या वैवाहिक तणावाला सहसा नाही. शेवटी भारतातल्या एका मराठी समुपदेशकांकडे ऑनलाइन गेलो. ‘आईने मला टोमणा मारला’ म्हणजे काय, हे तिथे समजावून सांगावं लागलं नाही. भाषेला फीइतकंच महत्त्व द्या.

---

गोदाकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं सविस्तर उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. मृण्मयी, मिनिटांचा हिशोब नवऱ्याला दाखवला, तो बराच वेळ त्या आकड्यांवर बोलत बसला. पैशाच्या विषयावर इतकं शांतपणे आम्ही किती दिवसांनी बोललो.

ॲपचं पॅकेज रद्द, डॉक्टरही सध्या नकोत. गंगापूर रोडच्या बाईंना आज फोन केला. समाजकार्याचं शिक्षण झालंय, जोडप्यांबरोबर काम करतात. ताईंनी सांगितल्याप्रमाणे दुपारच्या वेळेचं विचारलं, तर ७५ मिनिटांचे १००० घेईन म्हणाल्या, आणि एकेकट्या भेटींनाही तेवढेच. पहिल्या महिन्यात तीन भेटी म्हणजे ३ हजार, बसतंय. सकाळची पाळी असलेल्या आठवड्यात नवरा अडीचला सुटतो, पण मला शाळेतून अर्धी रजा टाकावी लागेल.

एक विचारायचं राहिलं. ताई, सासूबाईंना या सत्रांना कधी बोलावतात का? आमच्या भांडणात त्या मध्येच असतात, पण त्यांना कळलं की आम्ही असं कुणाकडे जातो तर घर डोक्यावर घेतील.

---

निवृत्त_समुपदेशक:

पहिल्या तीन-चार भेटींत अजिबात नाही. आधी तुम्हा दोघांचं कर्जाबद्दल आणि घरखर्चाबद्दल एकमत होऊ दे. त्यानंतर गरज वाटली तर समुपदेशकच सुचवतील, तेही तुम्हा दोघांची संमती असेल तर. तोवर घरी काय सांगायचं हे दोघांनी मिळून ठरवा, एकानेच लपवायचं असं नको. आणि वेळ रद्द करावी लागली तर किती तास आधी कळवायचं ते पहिल्याच फोनवर विचारा. शिफ्ट बदलली आणि २४ तास आधी सांगितलं नाही, तर अनेक जण पूर्ण फी घेतात.