अनुभव धागा: घरचं कुणी आपल्या झेंड्याच्या बोटीवर होतं का?

जयगडवाला: रविवारी लेकीला दीपगृहाकडे नेलं होतं. खाली कोळशाची बोट. दुर्बिणीतून मागचं नाव वाचून ती म्हणाली, "बाबा, माजुरो कुठे आलं?" मार्शल बेटांवर; बोट ज्या देशात नोंदवली, त्याचा झेंडा तिच्यावर आणि तिथल्या बंदराचं नाव तिच्या पाठीवर. आणि मला माझे बाबा आठवले. ते टिंडेल, म्हणजे बोटीवरच्या खलाशांचे मुकादम होते. परदेशातल्या बंदरात फळीवर लोंबकळत त्यांनी बोटीच्या पाठीवर पांढऱ्या रंगात 'मुंबई' रंगवलं होतं. सुट्टीवर आले की दरवेळी ते सांगायचे. १९८७-८८ मध्ये देशाचा जवळजवळ ४० टक्के परदेशी व्यापार आपल्याच बोटींतून जायचा. २०१८-१९ पर्यंत तो ८ टक्क्यांच्याही खाली आला. तुमच्याकडच्या आठवणी लिहा.

वेंगुर्ल्याची आवस: माझो झील पनामाच्या झेंड्याखाली होतो. पाच म्हयने पगार नाय, बोट नांगरून ठेवलेली. राती फोन करायचो, आये, पाणी मोजून देतत. मी कोणाक विचारू? मालक एका देशातलो, झेंडो दुसऱ्या, एजंट तिसऱ्या.

दाभोळकर: बाप रे ताई. वाचून पोटात कालवलं.

देवगड हापूस: आजी आगबोटीने मुंबईला जायची. बोट लागू नये म्हणून पदरात लिंबू. विषय वेगळा आहे, पण आठवलं.

चार्टरिंगवाला: मी याच धंद्यात, माल न्यायला बोटी भाड्याने ठरवतो. आपली बोट महाग पडते: कर्जाचं व्याज जास्त, मुदत कमी, बोट आणताना जीएसटी. म्हणून २०२१ ला केंद्राने आपल्या बोटींना अनुदान द्यायला पाच वर्षांसाठी १,६२४ कोटी मंजूर केले. सरकारी मालाच्या टेंडरात परदेशी कंपनीच्या सर्वांत कमी दराच्या १५ टक्क्यांपर्यंत फरक त्यातून सरकारने भरायचा. बोट जितकी जुनी तितकं कमी, २० वर्षांवरच्या बोटीला काही नाही. मला ही योजना मनापासून पटते.

दाभोळकर: पण नुसत्या सरकारी मालाने किती बोटी वाढणार? खाजगी कोळसाही आपल्या बोटीत यायला हवा.

जयगडवाला: अगदी. ताई, मुलगा आता कसा आहे?

वेंगुर्ल्याची आवस: गेल्या वर्सा घराक इलो. परत जातंय म्हणता. मी सांगलंय, पाठीर मुंबई लिवलेली बोट गावली तरच जा.

देवगड हापूस: तवसाळच्या फेरीवर गाडी चढते ना? पुढच्या आठवड्यात जयगडला येतोय.

जयगडवाला: चढते. कऱ्हाटेश्वराचं देऊळ बघा, मग घरी जेवायला या.