शब्दचर्चा : सर्व्हर ‘थांबलाय’ म्हणजे नक्की काय झालंय?

प्रश्न (खानापूर) : मी डिप्लोमाच्या मुलांना जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवते. बरीच मुलं मराठी शाळांतून आलेली, पुस्तकं इंग्रजीत, पण समजावणं मराठीतच होतं. क्लायंट (मागणारा प्रोग्राम), सर्व्हर (उत्तर देणारा प्रोग्राम), सॉकेट (दोघांच्या जोडणीचं टोक), पोर्ट (जोडणीच्या दाराचा क्रमांक) हे शब्द रुळलेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. अडचण क्रियापदाची आहे. सर्व्हर चालू केला की पडद्यावर काहीच हलत नाही आणि मुलं सांगतात, ‘मॅडम, थांबलाय.’ बंद पडलाय की वाट बघतोय, हे त्यातून कळतच नाही. वेगळे शब्द आहेत का?

उत्तर (टिळकवाडी, बेळगाव) : आहेत, आणि ते वापरायलाच हवेत. आपल्याकडे ‘गाडी थांबली’ आणि ‘जरा थांब, आलोच’ दोन्हींना एकच क्रियापद. वर्गातली कन्नड मुलं इथे सहज फरक करतात : ‘निल्लु’ म्हणजे थांबणं, उभं राहणं, ‘कायु’ म्हणजे वाट पाहणं.

सर्व्हरसॉकेट हा जावातला जोडण्या स्वीकारणारा ऑब्जेक्ट स्वतः क्लायंटशी बोलत नाही. त्याची अ‍ॅक्सेप्ट ही मेथड (त्याच्याकडून करून घ्यायचं काम) जोडणी येईपर्यंत परतत नाही, आणि परतते तेव्हा एक नवा सॉकेट ऑब्जेक्ट हाती देते. सगळं बोलणं त्या नव्या सॉकेटवरून होतं. अ‍ॅक्सेप्टपाशी सर्व्हर वाट पाहतो. बिघाड काहीच नसतो.

खरी गंमत रीडलाइनपाशी, म्हणजे आलेला मजकूर ओळीओळीने वाचणाऱ्या मेथडपाशी आहे. क्लायंटने ‘बेळगाव’ हा शब्द नुसत्या प्रिंटने पाठवला. ओळ संपल्याची खूण गेलीच नाही. सर्व्हरकडची रीडलाइन ती खूण मिळेपर्यंत ओळ परत देत नाही. क्लायंट उत्तरासाठी बसलेला, सर्व्हर ओळ पुरी होण्यासाठी बसलेला. याला मी खोळंबला म्हणतो. बरं, प्रिंटरायटर (मजकूर पाठवणारा ऑब्जेक्ट) करताना ऑटोफ्लश, म्हणजे साठलेलं आपोआप पुढे ढकलणं, चालू ठेवलं तरी भागत नाही, कारण ते ओळ संपवणाऱ्या प्रिंट-एल-एनला लागू होतं, साध्या प्रिंटला नाही. अक्षरं क्लायंटच्या बफरमध्येच, म्हणजे तात्पुरत्या साठ्यातच पडून राहतात. बरं, फ्लश हाताने केलं तर अक्षरं पोचतील, पण ओळ तरीही अपुरीच.

निपाणीहून : दुसऱ्या क्लायंटचं काय? सर्व्हर एकाच थ्रेडवर (कामाच्या एकाच धाग्यावर) पहिल्याशी बोलतोय, तेवढ्यात दुसरा आला. त्याला ‘कनेक्ट झालं’ असंच दिसतं, पण उत्तर येत नाही.

टिळकवाडी : तो ताटकळलाय. जोडणी ऑपरेटिंग सिस्टिमने पुरी केलेली असते, पण अ‍ॅक्सेप्टने ती अजून उचललेली नसते, ती रांगेत असते. जावात या रांगेची लांबी सांगितली नाही तर 50 धरली जाते. प्रत्येक क्लायंटला वेगळा थ्रेड दिला की ताटकळणं मिटतं. खोळंबा मात्र मिटत नाही, तो त्या थ्रेडपुरता राहतोच.

खानापूर : म्हणजे मुलांनी ‘थांबलाय’ म्हटलं की आधी विचारायचं, कुठल्या ओळीवर?

टिळकवाडी : हो, आणि अ‍ॅक्सेप्टच्या आधी नि नंतर एकेक ओळ छापायला लावा, लगेच समजतं. सॉकेटच्या सेट-सो-टाइमआउटला (वाट पाहण्याची मर्यादा ठरवणाऱ्या मेथडला) 5000 मिलिसेकंद द्या, म्हणजे वाचताना 5 सेकंदांत काही आलं नाही तर सॉकेटटाइमआउटएक्सेप्शन ही त्रुटी येईल. मूळ किंमत 0 असते, म्हणजे कितीही वेळ वाट पाहणं. आणि रीडलाइनने नल (‘काहीच नाही’) दिला तर तिथे यांतला कुठलाच शब्द नको. समोरच्याने आपली बाजू बंद केलेली असते, तेव्हा ‘संवाद संपला’ एवढंच म्हणायचं.