मदत हवी आहे : फिगर स्केटिंगमध्ये वयाची १ जुलैची अट

नमस्कार मंडळी. आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. भाचीची जन्मतारीख ५ जुलै २०१२. रोज रोलर स्केटवर सराव, आणि सुट्टीत गुरुग्रामला बर्फावर. अॅक्सल उडी आता स्वच्छ उतरते, म्हणून पुढचं वेळापत्रक आखायला घेतलंय.

आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेचे नियम वाचून झालेत. ज्युनिअरला किमान १३ वर्षं. सीनिअरची मर्यादा आधी १५ होती; २०२२ च्या ठरावानंतर ती २०२३-२४ ला १६ आणि २०२४-२५ पासून १७ झाली. वाढत्या वयातल्या मुलींच्या हाडांचा, मनाचा विचार करून हे केलं, आणि मला ते मनापासून पटतं. पण वय मोजतात हंगामाआधीच्या १ जुलैला. म्हणजे चार दिवसांमुळे पोरीचं ज्युनिअर २०२५-२६ ऐवजी २०२६-२७ ला, आणि सीनिअर थेट २०३०-३१ ला. हा हिशोब बरोबर आहे ना, कुणी तपासून सांगा.

खरी अडचण देशातल्या स्पर्धांची आहे. प्रशिक्षक म्हणतात इथेही १ जुलैच धरतात. दुसरे एक पालक म्हणतात ३१ डिसेंबर. जन्मदाखला महापालिकेचा आहे, आधारवरही तीच तारीख, त्यामुळे कागदपत्रांचा प्रश्न नाही. रोलरचे वयोगट सांगू नका, ते माहीत आहेत. गुरुग्रामचं तिकीट आणि शाळेची रजा आधी काढावी लागते, म्हणून ऐकीव नको, ज्यांनी स्वतः प्रवेशिका भरली आहे त्यांनीच सांगा : बर्फावरच्या राष्ट्रीय स्पर्धेत वयोगटासाठी नेमकी कोणती तारीख धरतात?