जुना कॅमेरा: दुरुस्त करू की नवा घेऊ? लवकर सांगा

चंद्रकोर:
कॅमेरा चालू केला की लेन्स अर्धी बाहेर येते, करकर आवाज होतो, पडद्यावर लेन्स एरर येतो आणि कॅमेरा बंद पडतो. लेन्स तशीच लोंबकळत राहते. दहा वर्षांहून जुना आहे, पण आजवर एक तक्रार नव्हती. पुढच्या आठवड्यात प्रवासाला निघायचंय. दुरुस्तीला टाकू की सरळ नवा घेऊ?

यंत्रवेडा:
मॉडेल कोणतं? पडला होता का? पाणी, वाळू? बॅटरी पूर्ण चार्ज आहे ना? बॅटरीत दम नसला तरी लेन्स अर्ध्यातच थांबते.

पाऊलवाट:
फोन वापरा. चार वर्षांपूर्वी मी कॅमेरा कपाटात ठेवला, परत काढावासा वाटला नाही.

रानपाखरू:
असहमत. झाडाच्या शेंड्यावरचा पक्षी फोनमध्ये नुसता ठिपका दिसतो. ऑप्टिकल झूममध्ये भिंगं सरकतात, डिजिटल झूममध्ये चित्र कापून ताणतात. हा फरक लहान नाही.

पाऊलवाट:
अहो, आता बऱ्याच फोनमध्ये टेलिफोटो, म्हणजे दूरचं जवळ दाखवणारी लेन्स असते. आणि साध्या कॉम्पॅक्टचा, म्हणजे खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्याचा सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग) १/२.३ इंची, म्हणजे जेमतेम ६.२ बाय ४.६ मिलिमीटर. चांगल्या फोनचा मुख्य सेन्सर त्याहून मोठा असतो.

जुनं_ते_सोनं:
नवं कार्ड घेताना जपा. खूप जुने कॅमेरे फक्त साधं एसडी कार्ड वाचतात, २ जीबीपर्यंतचं. एसडीएचसी, म्हणजे त्यानंतरचं जास्त जागेचं कार्ड घातलं तर कार्ड एरर येतो. माझे दोन दिवस यात गेले होते. आणि सीसीडी, म्हणजे जुन्या प्रकारचा सेन्सर असेल तर कॅमेरा मुळीच टाकू नका, ते रंग आता मिळत नाहीत.

यंत्रवेडा:
कार्डाचं कुणी विचारलेलं नाही. रंगांचं म्हणाल तर ते सेन्सरपेक्षा कॅमेऱ्यातल्या प्रोसेसिंगवर जास्त ठरतात. चंद्रकोर, उत्तरं द्या ना!

चंद्रकोर:
बॅटरी फुल आहे. पडलेला नाही. समुद्रावर नेला होता, पिशवीत थोडी वाळू होती, पण कॅमेऱ्याला लागल्यासारखी दिसली नाही.

यंत्रवेडा:
हेच आधी सांगायचं होतं! लेन्सच्या नळ्यांमधल्या फटीत एक कण गेला तरी पुरतो. कॅमेरा उलटा धरा, म्हणजे लेन्स जमिनीकडे, आणि हातात दाबायच्या रबरी ब्लोअरने फटीत हवा मारा. तेल किंवा स्प्रे अजिबात नको, तो भिंगांवर जातो. हाताने ओढू नका, आतले दाते प्लॅस्टिकचे असतात. उघडायच्या भानगडीत तर पडूच नका: फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, ३०० व्होल्टच्या आसपास चार्ज असतो आणि बॅटरी काढल्यावरही तो काही काळ टिकतो.
एवढं करून नाही हललं, तर बहुतेक जण अख्खं लेन्स युनिटच बदलतात. जुन्या मॉडेलचं नवं युनिट मिळणं कठीण, त्याच मॉडेलचा दुसरा बंद कॅमेरा शोधावा लागतो. १ इंची, म्हणजे मोठ्या सेन्सरचा असेल तर हा खटाटोप करा. साधा असेल तर नवा घ्या.

सावली:
त्यात फोटो आहेत का काही?

चंद्रकोर:
खरं सांगायचं तर माझी घाई त्यासाठीच आहे. आजीचे शेवटचे फोटो त्यात आहेत. कार्ड काढून रीडरमध्ये पाहिलं, ते फोटो त्यात नाहीत. त्या दिवशी कार्ड घरी राहिलं होतं.

सावली:
मग ते कॅमेऱ्याच्या अंतर्गत मेमरीत असतील. कार्ड बाहेरच ठेवा आणि पॉवरचं बटण न दाबता फोटो बघायचं बटण, त्रिकोणाचं चिन्ह असलेलं, दोन-तीन सेकंद दाबून धरा. बऱ्याच कॅमेऱ्यांत लेन्स न हलता पडदा सुरू होतो. मग केबल लावा. दुकानात देण्याआधी हे कराच, तिथे मेमरी पुसली गेली तर परत येणार नाही.

रानपाखरू:
+१. बाकी वाद नंतर.

चंद्रकोर:
सुरू झाला! अकरा फोटो होते, अकराही कॉम्प्युटरवर घेतले. तिसऱ्यात ती थेट माझ्याकडे बघतेय. सावली, तुमचे आभार कसे मानू?
ब्लोअरने दोन-चार कण पडले, पण लेन्स अजून अडकलेलीच आहे. प्रवासाला फोनच नेते. मॉडेल नंबर खालच्या बाजूला पुसट झालाय, उजेडात वाचून टाकते. यंत्रवेडा, तसलाच बंद कॅमेरा कुणाकडे दिसला तर कळवाल का? मला हा चालू करायचाच आहे.