काळं ऑइल आणि स्वस्त फिल्टर

दादा, ऑइल बदलून चारशे किलोमीटर पण झाले नाहीत आणि काळं पडलं म्हणून तुम्ही परत बदलायला निघालात, थांबा जरा. डिझेल इंजिनात काजळी ऑइलमधे उतरतेच, ऑइलमधलं डिटर्जंट ती धरून ठेवतं म्हणून ते काळं दिसतं, आणि जुन्या गाडीत तर तळाशी राहिलेलं थोडं जुनं ऑइलसुद्धा नव्याला काळं करतं. रंग सोडा, लेव्हल बघा, रोज सकाळी, गाडी सपाट जागेवर. लेव्हल आपोआप वाढतेय आणि डिझेलचा वास येतोय तर इंजेक्टर नाहीतर पंपाचं सील बघून घ्या. दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय, मग गाडी हलवूच नका.

फिल्टरवर मात्र पैसे वाचवू नका, हे मी कळकळीने सांगतो. आमच्या जुन्या सहाचाकीला मी एकदा मार्केट यार्डाजवळून बिननावाचा फिल्टर घेतला, महिनाभर खंबाटकी घाटाची चढउतार झाली, काढून कापला तर कागद झाकणापासून सुटलेला, म्हणजे ऑइल न गाळताच फिरत होतं! फिल्टर चोंदला तरी तेच, बायपास व्हॉल्व्ह, म्हणजे ऑइलला फिल्टर टाळून जाऊ देणारी झडप, उघडतो आणि घाण सरळ बेअरिंगला जाते. म्हणून जुना फिल्टर कापून बघायची सवय लावा, काजळी चालेल, तांबूस चमकणारे कण दिसले तर बेअरिंग खोलून घ्या. ऑइल १५डब्ल्यू-४० या जाडीच्या ग्रेडचंच ठेवा, पुण्याच्या हवेला पुरतं.