काऊंटी शेल्टरचा कुत्रा घ्यावा का? (अमेरिकेतल्या मंडळींनी लिहा)

डोंबिवली_टू_डब्लिन:
बे एरियातल्या आपल्या लोकांत सध्या गोल्डनडूडलची (गोल्डन रिट्रीव्हर आणि पूडलचा संकर) साथ आलीये. ब्रीडरची वेटिंग लिस्ट, वर डिपॉझिट, काही हजार डॉलर आणि तिकडे काऊंटी शेल्टरचे, म्हणजे सरकारी प्राणी निवाऱ्याचे, पिंजरे फुल. शिव्या घाला हवं तर, पण माझं मत थेट आहे, पाळायचाच असेल तर आधी काऊंटीत जाऊन बघा. शेल्टर म्हणजे आजारी, टाकून दिलेल्या जनावरांचं पांजरपोळ असं आपल्याकडे उगाच डोक्यात बसलंय. नसबंदी, मायक्रोचिप, रेबीजची लस असं सगळं त्या फीमध्येच येतं, आणि उन्हाळ्यात 'क्लिअर द शेल्टर्स' ही दत्तक मोहीम चालू असते तेव्हा बऱ्याच ठिकाणी फीसुद्धा माफ किंवा नावापुरती. कॅलिफोर्नियाने २०१९ पासून पेट शॉपना ब्रीडरकडची कुत्री-मांजरं विकायला बंदी केली, मग लोक पपी मिलची (पिल्लांच्या कारखान्यातली)  पिल्लं 'रेस्क्यू' म्हणून दुकानात ठेवायला लागले, म्हणून २०२१ पासून दुकानातली विक्रीच बंद. आता तोच धंदा इन्स्टावर चालतो. एएसपीसीए या प्राणी-संस्थेच्या आकड्यांप्रमाणे २०२४ मध्ये देशभरात ५८ लाखांच्या आसपास कुत्री-मांजरं शेल्टरमध्ये आली आणि सहा लाखांच्या आसपास मारली गेली. एवढं असताना पिल्लू ऑर्डर देऊन बनवून घ्यायचं?

पेठेतला_काका:
आकडे ऐकवून अपराधी वाटायला लावू नका राव. माझं पोर चार वर्षांचं आहे, कुत्रा कोणाच्या घरातून आला, चावला होता का, पोरांना घाबरतो का, यातलं काहीच माहीत नसताना घरात आणू? वर ती पिंजऱ्यावरची पाटी. 'लॅब मिक्स' लिहितात आणि डोकं बघितलं की कळतं हा पिट बुल आहे ते. एचओएला (सोसायटीच्या कमिटीला) कळलं, इन्शुरन्सवाल्याच्या नको असलेल्या जातींच्या यादीत ती जात निघाली, की तुम्ही येणार का भरायला? चांगला ब्रीडर आई-बाप दाखवतो, हिप्सचे (कमरेच्या सांध्यांचे) रिपोर्ट दाखवतो. याला लाड म्हणायचे असतील तर म्हणा.

सतत_ओव्हरटाइम:
काका +१. आणि सासूबाई सहा महिने येतात, देवघराच्या खोलीत कुत्रा गेला तर काय होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

केसाळ_सोफा:
मी सदर्न कॅलिफोर्नियात एका काऊंटी शेल्टरला शनिवारी कुत्री फिरवायला जाते, म्हणून थोडं लांबण लावते. काऊंटी आणि खासगी रेस्क्यू संस्था यातला फरक कोणी लिहीतच नाहीये. रेस्क्यू आपल्याला झेपतील तेवढेच प्राणी निवडून घेते, बहुतेक काऊंटीवाल्यांना ती मुभा नसते, रस्त्यावर सापडलेलं, गाडीखाली आलेलं, चावलं म्हणून जप्त केलेलं सगळं त्यांच्याच दारात. मालक शोधत येईल म्हणून भटक्या कुत्र्याला काही दिवस ठेवावंच लागतं, १९९८ च्या हेडन कायद्याने इथे ती मुदत वाढवून चार ते सहा कामाचे दिवस केली. त्यानंतर जागेचं गणित सुरू होतं. आमच्याकडे पिंजरे भरतात ते हस्की, शेफर्ड, पिट मिक्स आणि चिवावांनी, डूडल क्वचित, आणि आलाच तर संध्याकाळपर्यंत टिकत नाही.

काका, पाटीबद्दल तुमचं बरोबर आहे, ती जात नुसत्या अंदाजाने लिहिलेली असते, डीएनए करून पाहिलं तेव्हा असे अंदाज भरपूर चुकलेले निघालेत. पण मग 'पिट' हा पण अंदाजच ना, तुम्ही डोकं बघून ओळखता तोसुद्धा! आणि चारी बाजूंनी भुंकणं चालू असताना पिंजऱ्यात आपटणारा कुत्रा घरी तसाच वागेल असं नसतं. उलटही होतं, पिंजऱ्यात गप्प बसलेला तीन आठवड्यांनी रंग दाखवतो. म्हणून नुसता पिंजरा बघून ठरवू नका, स्टाफला विचारा की हा प्लेग्रुपमध्ये, म्हणजे इतर कुत्र्यांबरोबर खेळताना, कसा वागतो, मालकाने आणून सोडला की भटका, चावल्याची नोंद आहे का. आणि फॉस्टर-टू-अडॉप्ट असेल तर आधी घरी नेऊन बघा, नाही जमलं तर परत आणा, कोणी काही म्हणत नाही. चार वर्षांच्या पोराच्या घरात पिल्लू न्यायलाच पाहिजे असं कुठे आहे, पाच-सहा वर्षांचा शांत झालेला कुत्रा बघा की.

ह्यूस्टनचा_घाम:
टेक्सासवाल्यांसाठी एकच. हार्टवर्मची (हृदयात होणारे जंत) टेस्ट झालीये का आणि निकाल काय ते फी भरायच्या आधी विचारा. डासांमुळे होतो, इकडे डास काय कमी आहेत का. उपचार आहेत पण इंजेक्शनं, खर्च, आणि कितीतरी आठवडे कुत्र्याला पळू द्यायचं नाही, तरुण कुत्र्याला घरात शांत बसवून दाखवा मला. काही शेल्टर उपचारात मदत करतात, पण लेखी घ्या. 'फी माफ' म्हणजे कुत्रा फुकट नाही.

एचवनबी_बळी:
तुम्ही सगळे शेल्टर की ब्रीडर करताय, माझं म्हणणं आपल्यातल्या निम्म्या लोकांनी घेऊच नये. एचवनबी व्हिसावर नोकरी गेली की देशात राहायला ६० दिवस. तेवढ्यात दुसरा जॉब नाही मिळाला तर कुत्र्याचं काय? भारतात न्यायचं तर बॅगेज म्हणून नेण्याची सवलत बाहेर दोन वर्षं राहून कायमचं परत जाणाऱ्यांना, तीही दोन प्राण्यांपुरती, शिवाय क्वारंटाइन खात्याची एनओसी, आणि चपट्या नाकाचा असेल तर बऱ्याच एअरलाइन्स घेतच नाहीत. परत अमेरिकेत यायचं झालं तर ऑगस्ट २०२४ पासून सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचे नवे नियम, रेबीजसाठी भारत हाय-रिस्क यादीत. मग माणूस काय करतो, त्याच काऊंटीत नेऊन देतो. वॉलंटियर ताई, अशी किती येतात ते सांगा ना.

केसाळ_सोफा:
येतात. घर बदललं, घरमालक नाही म्हणतो, डिपॉझिट परवडत नाही, ही कारणं नेहमीचीच. व्हिसावाले त्यात थोडे. म्हणून लीज आधी वाचा, वजनाची मर्यादा आणि महिन्याचं पेट रेंट (प्राण्याचं जादा भाडं) त्यात लिहिलेलं असतं. पण ६० दिवसांच्या भीतीने लोक घरं घेतात, मुलं होऊ देतात, कुत्र्याचीच तेवढी काळजी?

एचवनबी_बळी:
मुलाला विमानात सीट मिळते.

डोंबिवली_टू_डब्लिन:
बरं, मग फॉस्टर करा ना, म्हणजे दोन-तीन आठवड्यांसाठी सांभाळायला न्या! काऊंटीला पिंजरा मोकळा मिळतो, तुम्हाला कुत्रा. नाहीतर मांजर घ्या. वसंतापासून पिल्लांचा पूर येतो, दोन एकदम घेतली तर काही ठिकाणी फी कमी.

पेठेतला_काका:
मांजर काय ऐकणार आहे आपलं. फॉस्टरचं बघतो, पण घरी आल्यावर पोरगं कुत्र्याला परत सोडू देईल असं वाटतंय का कोणाला?