मदत हवी आहे: ट्रॅक डेला स्वतःची बाईक न्यावी का?

नमस्कार मंडळी. कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवे या रेसट्रॅकवर ट्रॅक डे (म्हणजे दिवसभर ट्रॅकवर गाडी चालवायची) करायचं पक्कं केलंय. पुण्याहून माझी केटीएम ड्यूक ३९० न्यावी की तिकडेच भाड्याने बाईक घ्यावी, इथे अडलोय.

स्वतःच्या गाडीचे ब्रेक, क्लच, वळणात झुकण्याचा अंदाज अंगवळणी पडलेला असतो. अनोळखी बाईकवर अर्धा दिवस तिची ओळख करून घेण्यातच जाईल. ट्रॅक साधारण २.१ किलोमीटरचा, त्यामुळे ३९० तिथे पुरून उरेल असं मला वाटतं. खरी धास्ती विम्याची आहे. नेहमीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते, म्हणजे पडलो तर सगळा खर्च खिशातून. आणि रोज ऑफिसला हीच गाडी लागते!

चालवत न्यायची तर बाराशेच्या आसपास किलोमीटर; टायर मधोमध घासणार, अंग आंबणार ते वेगळंच. रेल्वे पार्सलला टाकी रिकामी करून द्यावी लागते.

ज्यांनी स्वतःची बाईक नेली आहे त्यांनी कृपया सांगा: रेल्वे बरी की टेम्पो? कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) काढून साधं पाणी भरलं होतं का? लिव्हर, फुटपेग असे सुटे भाग सोबत ठेवावेत का?